गिटवरून घेतलेला सोर्स बिल्ड होत नाही: ऑटोपॉइंट नाही, एमओ फायली नाहीत, मराठी गायब

वाचनवेल (पंचवटी)

नमस्कार मंडळी. पंचवटीतल्या एका अभ्यासिकेचे संगणक मी सांभाळते. पुस्तकांची देवघेव नोंदवायला आम्ही एक छोटं मुक्त सॉफ्टवेअर वापरतो. त्याचं नाव इथे देत नाही, कारण ही अडचण त्या एका प्रोजेक्टपुरती नाही असं शोधताना लक्षात आलं. त्याचं मराठी भाषांतर बरेच दिवस अर्धवट होतं. आता कुणीतरी मनापासून बसून ते पूर्ण केलंय आणि ते गिटमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या कोडच्या सामायिक साठ्यात, आलंय, पण नवी आवृत्ती अजून निघालेली नाही. २७ फेब्रुवारीच्या आत अभ्यासिकेतल्या पडद्यावर पूर्ण मराठी दिसावं अशी फार इच्छा आहे. देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्या दोन्ही काकू इंग्रजी मेनूला कंटाळल्यात.

दोन मशीन आहेत, दोन्हींवर डेबियन १२ हे लिनक्स.

पहिल्या मशीनवर गिट क्लोन केलं, म्हणजे तो साठा उतरवून घेतला. आत कॉन्फिगर नावाची फाइलच नाही. ऑटोजेन.एसएच चालवलं तर हे आलं (इथे सगळं देवनागरीत लिहायचं असल्याने उच्चाराप्रमाणे देते):

«कान्ट एक्झेक "ऑटोपॉइंट": नो सच फाइल ऑर डिरेक्टरी»

दुसऱ्या मशीनला नेट नाही. तिथे जुन्या आवृत्तीचं उलगडलेलं फोल्डर पेन ड्राइव्हवरून नेलं. कॉन्फिगर नीट झालं, पण मेक म्हटल्यावर:

«वॉर्निंग: 'एसीलोकल-१.१५' इज मिसिंग ऑन युअर सिस्टम»

एका व्हिडिओत सांगितलंय की कॉन्फिगर.एसी मधली एएम_जीएनयू_गेटटेक्स्ट ही ओळ खोडा, मेकफाइल.एएम मधून पीओ हे फोल्डर काढा, मग बिल्ड होतं, म्हणजे कोडपासून प्रोग्राम तयार होतो. मला हे पटत नाही, म्हणून अजून हात लावलेला नाही. रीतसर मार्ग कोणता?

मेरीकर

ताई, ती ओळ खोडू नका. बिल्ड होईल, पण इंग्रजीतच. ज्यासाठी सगळा खटाटोप चाललाय तेच जाईल. जुना_संगणकी काका येतीलच सविस्तर सांगायला, तोवर पहिल्या मशीनवर एवढं करून बघा:

सुडो एपीटी इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल ऑटोकॉन्फ ऑटोमेक लिबटूल पीकेजी-कॉन्फिग गेटटेक्स्ट ऑटोपॉइंट

डेबियन-उबुंटूमध्ये ऑटोपॉइंट हे वेगळं पॅकेज आहे. फक्त गेटटेक्स्ट टाकून भागत नाही, आणि तिथेच बहुतेक जण अडकतात. फेडोरावाल्यांनी गेटटेक्स्ट-डेव्हेल टाकायचं.

जुना_संगणकी (नाशिकरोड)

वाचनवेल, विचारलंत ते फार बरं केलंत. जरा लांबण लावतो, कारण इथे आदेश पाठ करून उपयोग नाही. आपण कोणत्या झाडाखाली उभे आहोत ते आधी ओळखावं लागतं.

सोर्स दोन रूपांत मिळतो. एक गिटमधला. त्यात माणसाने लिहिलेल्या फायली असतात: सी कोड, कॉन्फिगर.एसी, मेकफाइल.एएम, पीओ फोल्डरात एमआर.पीओ. दुसरा प्रकाशित टारबॉल, म्हणजे आवृत्ती निघते तेव्हा दिलं जाणारं फायलींचं एकत्र गाठोडं. प्रोजेक्टवाला "मेक डिस्ट" चालवतो तेव्हा या फायलींसोबत यंत्राने तयार केलेल्या फायलीही त्यात भरल्या जातात: कॉन्फिगर, मेकफाइल.इन, एसीलोकल.एम४, आणि बहुतेक वेळा भाषांतराच्या तयार जीएमओ फायली. म्हणून टारबॉल उलगडला की कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल एवढ्यावर काम होतं. ना ऑटोमेक लागतं, ना एमएसजीएफएमटी. गिटमधून घेतलं की प्रोजेक्टवाल्याच्या मशीनवर जी हत्यारं आहेत ती सगळी तुमच्याकडे हवीत.

आता भाषांतराचा प्रवास. एक्सगेटटेक्स्ट हा प्रोग्राम कोडमधली वाक्यं उचलून पॉट फाइल बनवतो. त्यावरून एमआर.पीओ तयार होते, तीत भाषांतरकार मराठी भरतो. कोड बदलला की एमएसजीमर्ज जुनं भाषांतर नव्या पॉटशी जुळवतो. शेवटी एमएसजीएफएमटी पीओची बायनरी एमओ फाइल करतो (बिल्डच्या फोल्डरात तिचंच नाव जीएमओ). प्रोग्राम चालताना फक्त एमओ वाचली जाते. पीओ कितीही सुंदर लिहिलेली असो, एमओ झाली नाही किंवा चुकीच्या जागी पडली तर पडद्यावर इंग्रजीच.

ऑटोपॉइंटचं काम याच्या आधीचं. पीओ फोल्डरात बिल्डसाठी जे सांगाडे लागतात, मेकफाइल.इन.इन वगैरे आणि काही एम४ मॅक्रो, ते तो आणून ठेवतो. कॉन्फिगर वगैरे फायली तयार करणारा ऑटोरीकॉन्फ त्याला हाक मारतो आणि तो सापडला नाही की तुमची ती ओळ येते. मेरीकरांनी दिलेली पॅकेजेस टाकलीत की पुन्हा ऑटोजेन.एसएच, किंवा थेट:

ऑटोरीकॉन्फ -एफआय

मग कॉन्फिगर आणि मेक.

अजून एक चूक हमखास भेटते, आधीच सांगून ठेवतो. कॉन्फिगर चालताना मध्येच «सिंटॅक्स एरर निअर अनएक्स्पेक्टेड टोकन» येतं आणि खाली पीकेजी_चेक_मॉड्यूल्स असलेली ओळ दिसते. माणूस कॉन्फिगर फाइल उघडून कंस मोजत बसतो. दोष तिथे नसतोच. ऑटोरीकॉन्फ चालवलं तेव्हा पीकेजी-कॉन्फिग बसवलेलं नव्हतं, त्यामुळे त्या मॅक्रोचा उलगडा झाला नाही आणि त्याचं नाव जसंच्या तसं शेल स्क्रिप्टमध्ये राहिलं. पीकेजी-कॉन्फिग टाका आणि ऑटोरीकॉन्फ पुन्हा चालवा. फक्त कॉन्फिगर पुन्हा चालवून फायदा नाही. «पॉसिब्ली अनडिफाइन्ड मॅक्रो» हा संदेशही त्याच कुळातला, फक्त आधीच्या पायरीवर पकडला गेलेला.

दुसऱ्या मशीनबद्दल जेवणानंतर लिहितो.

कॉलेजरोड

रुमाल टाकतोय. आमच्या लॅबमध्ये याच प्रकारची वेगळी भानगड आहे, काकांचं झालं की विचारतो.

जुना_संगणकी (नाशिकरोड)

आता दुसरं मशीन. तिथे टारबॉल आहे, म्हणजे ऑटोमेक लागायलाच नको होतं. मग मेक ते का मागतोय?

मेक फक्त वेळ बघतो. मेकफाइलमध्ये नियम आहे की कॉन्फिगर.एसी ही एसीलोकल.एम४ पेक्षा नवी असेल तर एसीलोकल पुन्हा चालवा. टारबॉलमध्ये फायलींच्या वेळा बरोबर क्रमाने नोंदलेल्या असतात आणि टार उलगडताना त्या जपतो. तुम्ही उलगडलेलं फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी केलंत. साध्या कॉपीत प्रत्येक फाइलला कॉपी झाली तेव्हाची वेळ मिळते. त्यात पेन ड्राइव्ह फॅट पद्धतीचा असेल तर तो बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यानेच ठेवतो. क्रम विस्कटला, मेकला वाटलं कॉन्फिगर.एसी कुणीतरी बदललीय, आणि त्याने ज्या आवृत्तीने टारबॉल बनला होता ती, म्हणजे १.१५, शोधायला घेतली. डेबियन १२ मध्ये ऑटोमेक १.१६ आहे. १.१५ शोधत हिंडू नका, जुनं ऑटोमेक हाताने बसवू तर मुळीच नका.

उपाय सोपा: पेन ड्राइव्हवरून टारबॉलची मूळ फाइलच न्या आणि त्या मशीनवर उलगडा. फोल्डरच न्यायचं असेल तर कॉपी करताना वेळा जपणारा पर्याय वापरा, सीपी -ए. फॅटवर तोही पुरेलच असं नाही, म्हणून टारबॉल बरा.

टारबॉल हाताशी नसेल तर टच वापरून क्रम लावता येतो. आधी एसीलोकल.एम४ ला टच, मग सगळ्या मेकफाइल.इन आणि कॉन्फिग.एच.इन, शेवटी कॉन्फिगर. प्रत्येक पायरीत सेकंदभर अंतर ठेवा. गिटमध्ये ज्यांनी कॉन्फिगर वगैरे फायलीही टाकलेल्या असतात त्यांच्या क्लोनमध्ये हाच घोळ होतो, कारण गिट फायलींच्या वेळा साठवत नाही. पण ज्या मशीनवर हत्यारं आहेत तिथे टचची मखलाशी करण्यापेक्षा ऑटोरीकॉन्फ -एफआय चालवणं कधीही चांगलं.

आणि तुमच्या गरजेपुरता आणखी एक जवळचा रस्ता आहे. तुम्हाला गिटमधलं फक्त भाषांतर हवंय, नवा कोड नकोय. मग टारबॉल उलगडा, त्यातल्या पीओ फोल्डरात गिटमधली नवी एमआर.पीओ ठेवा आणि बिल्ड करा. ऑटोटूल्सची (ऑटोकॉन्फ, ऑटोमेक वगैरे) गरज नाही, एकटं गेटटेक्स्ट पुरतं. आवृत्ती निघाल्यानंतर कोडमधली जी वाक्यं बदलली असतील तेवढी इंग्रजीत दिसतील, बाकी सगळं मराठीत.

वाचनवेल (पंचवटी)

काका, किती नीट समजावलंत! पहिल्या मशीनवर बिल्ड झालं. मराठी अजून दिसत नाही, पण त्याआधी दुसऱ्याचं सांगते. तुमचा जवळचा रस्ता धरला: टारबॉल उलगडला, कॉन्फिगर केलं, नवी एमआर.पीओ ठेवली, मेक. एसीलोकलची तक्रार गेली. आता हे येतंय:

«आरएम -एफ एमआर.जीएमओ && : -सी --स्टॅटिस्टिक्स -ओ टी-एमआर.जीएमओ एमआर.पीओ»
«एमव्ही: कॅनॉट स्टॅट 'टी-एमआर.जीएमओ': नो सच फाइल ऑर डिरेक्टरी»

टी-एमआर.जीएमओ ही फाइल कुठून आणायची?

जुना_संगणकी (नाशिकरोड)

कुठूनही आणायची नाही, ती तिथेच तयार व्हायला हवी होती. पहिली ओळ पुन्हा बघा. दोन अँपरसँडनंतर नुसता विसर्गासारखा अपूर्णविराम आहे ना? तिथे एमएसजीएफएमटी असायला हवं होतं. कॉन्फिगरला ते सापडलं नाही, म्हणून त्याच्या जागी शेलमधला काहीच न करणारा आदेश, म्हणजे ते दोन टिंबं, बसवला. तो बिनबोभाट यशस्वी झाला, फाइल तयार झाली नाही, आणि पुढे तिचं नाव बदलायला गेलेल्या एमव्हीने हात वर केले. तक्रार एमव्हीची, कारण मात्र एमएसजीएफएमटी नसणं.

गेटटेक्स्ट बसवा आणि कॉन्फिगर पुन्हा चालवा. नुसतं मेक पुन्हा केलंत तर मेकफाइलमध्ये तेच दोन टिंबं राहतील आणि तीच चूक येईल. कॉन्फिगरच्या आउटपुटमध्ये «चेकिंग फॉर एमएसजीएफएमटी» ही ओळ शोधा, तिच्यापुढे पूर्ण पत्ता दिसला पाहिजे.

नेट नाही म्हणालात. पहिल्या मशीनवर गेटटेक्स्ट बसवलंत तेव्हा त्याच्या डेब फायली व्हार-कॅश-एपीटी-आर्काइव्ह्ज मध्ये कदाचित अजून असतील. दोन्हीकडे डेबियन १२ च आहे, तेव्हा त्या पेन ड्राइव्हवर घ्या आणि दुसरीकडे सुडो एपीटी इन्स्टॉल म्हणून प्रत्येक फाइलचा पत्ता द्या, पुढे टिंब-तिरकी रेघ लावून. कॅश रिकामी असेल तर पहिल्या मशीनवर एपीटीला रीइन्स्टॉल आणि डाउनलोड-ओन्ली हे दोन्ही पर्याय देऊन त्या उतरवून घ्या.

मेरीकर

तिकडे हे चालू आहे तोवर पहिल्या मशीनवर मराठी का दिसत नाही ते बघू. टर्मिनलमध्ये लोकेल -ए चालवा, मशीनवर कोणत्या भाषांची मांडणी (लोकेल) तयार आहे ते दिसतं. यादीत एमआर_आयएन आहे का?

वाचनवेल (पंचवटी)

नाही. सी, पॉझिक्स आणि इंग्रजी-भारत एवढंच आहे. मी लँग्वेज या व्हेरिएबलमध्ये एमआर लिहून प्रोग्राम चालवला होता, लँगमध्ये सी होतं.

मेरीकर

मग तिथेच आहे. गेटटेक्स्टचा नियम असा की लोकेल सी, म्हणजे भाषांतराविना मूळ, असेल तर लँग्वेजकडे बघायचंच नाही. आणि लँगमध्ये एमआर_आयएन लिहिलं तरी ते लोकेल मशीनवर तयार केलेलं नसेल तर प्रोग्राम सी वरच पडतो. करायचं असं:

एट्सी-लोकेल.जेन ही फाइल उघडा. त्यात «एमआर_आयएन यूटीएफ-८» अशी ओळ आहे, तिच्यापुढचं हॅश काढा. मग सुडो लोकेल-जेन. त्यानंतर लँग=एमआर_आयएन देऊन प्रोग्राम सुरू करा.

एवढ्यानेही दिसलं नाही तर तर्क करत बसू नका, एसट्रेसने विचारा:

एसट्रेस -एफ -ई ट्रेस=ओपनअ‍ॅट, पुढे प्रोग्रामचं नाव, आणि आउटपुटमध्ये .एमओ शोधा.

कोणकोणत्या जागी एमओ उघडायचा प्रयत्न झाला ते ओळीने दिसतं. आधी एमआर_आयएन फोल्डरात बघतो, मग एमआर मध्ये. मेक इन्स्टॉलने फाइल यूएसआर-लोकल-शेअर-लोकेल मध्ये ठेवली असेल आणि प्रोग्राम यूएसआर-शेअर-लोकेल मध्ये शोधत असेल तर जुना पॅकेजमधला प्रोग्रामच चालतोय असं समजा. विच लावून खात्री करा.

शब्दसेवक

मी भाषांतराच्या बाजूने येतो. धाग्यात त्याबद्दल अजून कुणी लिहिलं नाही आणि अर्ध्या वेळा गाडी तिथे अडते.

लोकेल बरोबर, एमओ जागेवर, तरी काही वाक्यं इंग्रजीत दिसली तर एमआर.पीओ उघडून «फझी» अशी खूण असलेल्या नोंदी शोधा. एमएसजीमर्जला मूळ वाक्य थोडं बदललेलं दिसलं की तो जुनं भाषांतर अंदाजाने चिकटवतो आणि वर फझी लिहितो. एमएसजीएफएमटी अशा नोंदी एमओमध्ये घेत नाही. हे योग्यच आहे, कारण अंदाजाचं भाषांतर लोकांपुढे जाऊ नये. यूज-फझी नावाचा पर्याय आहे, पण तो लावून बाहेर देऊ नका. नोंद वाचा, दुरुस्त करा, खूण काढा.

पीओ फाइल कुठेही पाठवण्याआधी एवढं करा:

एमएसजीएफएमटी -सी --स्टॅटिस्टिक्स -ओ देव-नल एमआर.पीओ

किती भाषांतरित, किती फझी, किती रिकाम्या हे कळतं, आणि चुका ओळ क्रमांकासह दाखवतो. मूळ वाक्याच्या शेवटी नवी ओळ असेल आणि मराठीच्या शेवटी नसेल, एवढ्यानेही तो बिल्ड थांबवतो.

मराठीत सर्वांत जास्त त्रास शब्दक्रमाचा. इंग्रजी वाक्यात आधी संख्या, मग पुस्तकाचं नाव. मराठीत आधी पुस्तकाचं नाव, मग «च्या इतक्या प्रती». टक्का-डी आणि टक्का-एस (वाक्यात संख्या आणि नाव जिथे बसतात त्या खुणा) यांची जागा नुसती उलटी केली तर एमएसजीएफएमटी म्हणतो की मूळ आणि भाषांतरातले प्रकार जुळत नाहीत. त्याने थांबवलं नाही तर प्रोग्राम चालताना कोसळतो. इथे टक्क्यानंतर क्रमांक आणि डॉलरचं चिन्ह द्यायचं असतं: दुसरं मूल्य आधी, पहिलं नंतर. आणि हा क्रमांक इंग्रजी कळफलकावरचा हवा. आपण मराठी कळफलक चालू ठेवून टाइप करत असतो, हात ओघात देवनागरी २ टाकतो, डोळ्यांना ते बरोबर दिसतं. सी भाषेला ते कळत नाही. एमएसजीएफएमटी अशा वेळी «इज नॉट अ व्हॅलिड सी फॉरमॅट स्ट्रिंग, अनलाइक एमएसजीआयडी» म्हणतो. हा संदेश दिसला की आधी अंक तपासा.

वर माथ्याच्या नोंदीत यूटीएफ-८ लिहिलेलं असावं आणि अनेकवचनाच्या ओळीत मराठीसाठी दोन रूपं: एक असेल तर पहिलं, नाहीतर दुसरं. पीओ फोल्डरातल्या लिंग्वाज नावाच्या फाइलमध्ये एमआर आहे ना तेही बघा. भाषांतर पूर्ण करून पाठवणारे लोक ही एक ओळ घालायची विसरतात आणि मराठीची एमओ कधी तयारच होत नाही. बिल्ड मात्र हिरवं दिसतं.

वाचनवेल (पंचवटी)

दिसलं! लोकेल-जेन केल्याबरोबर पहिल्या मशीनवर मराठी आलं. «पुस्तक परत घ्या» असं बटण बघून टेबलावरच्या काकूंनी तिथल्या तिथे दोन नोंदी करून बघितल्या.

शब्दसेवक, तुमचा आदेश चालवला. फझी नोंदी निघाल्या, सगळ्या दंडाच्या रकमेसंबंधीच्या. त्या मीच तपासून मूळ प्रोजेक्टला पाठवते.

कॉलेजरोड

आता माझं. जीएनयूच्या एका प्रोजेक्टचा गिट सोर्स लॅबमध्ये बिल्ड करतोय. तिथे ऑटोजेन नाही, बूटस्ट्रॅप नावाची स्क्रिप्ट आहे. ती पीओ फायली आणायला जाते आणि तिथेच लटकते. गिटमध्ये पीओ फायली नाहीतच का?

जुना_संगणकी (नाशिकरोड)

नसतात. कोअरयुटिल्ससारख्या जीएनयू प्रोजेक्टची भाषांतरं ट्रान्सलेशन प्रोजेक्ट नावाच्या वेगळ्या ठिकाणी सांभाळली जातात. बूटस्ट्रॅपच्या जुन्या आवृत्त्या ती तिथून आरसिंक या फायली आणणाऱ्या प्रोग्रामने उतरवतात. आरसिंकचं पोर्ट ८७३, ते कॉलेजांच्या फायरवॉलवर सहसा बंद असतं, म्हणून लटकत असावं. भाषांतर नको असेल तर बूटस्ट्रॅपला --स्किप-पीओ द्या. हवं असेल तर त्याच प्रोजेक्टच्या ताज्या टारबॉलमधलं पीओ फोल्डर उचलून ठेवा आणि मग स्किप-पीओने चालवा. तिथे ग्नूलिब हा जीएनयूचा सामायिक कोडही उतरवला जातो, शिवाय बायसन, जीपर्फ, टेक्सइन्फो, हेल्प२मॅन अशी हत्यारंही लागू शकतात. कोणतं कमी आहे ते बूटस्ट्रॅप सुरुवातीलाच सांगतो, ती यादी नीट वाचा.

कॉलेजरोड

झालं काका, धन्यवाद. मेसॉन या बिल्डच्या वेगळ्या साधनाबद्दल एक निरीक्षण नोंदवतो, इतरांना उपयोगी पडेल. मेसॉनवर चालणाऱ्या प्रोजेक्टमध्ये गेटटेक्स्ट नसेल तर बिल्ड थांबत नाही. सेटअपच्या लांबलचक आउटपुटमध्ये एक ओळ येते, «गेटटेक्स्ट नॉट फाउंड, ऑल ट्रान्सलेशन टार्गेट्स विल बी इग्नोर्ड», आणि पुढे सगळं सुरळीत. शेवटी प्रोग्राम तयार, भाषांतर शून्य. मेसॉनवाल्यांनी ही ओळ मुद्दाम शोधून बघा.

शब्दसेवक

हे फार महत्त्वाचं लिहिलंत. चूक येऊन बिल्ड थांबलं तर माणूस शोध तरी घेतो. हे असं गुपचूप गळलं की पॅकेज बनवणाऱ्यालाही कळत नाही. तो स्वतः इंग्रजीत चालवून बघतो, चालतंय म्हणतो आणि पाठवून देतो. ज्याने रात्री जागून भाषांतर केलं त्याचं काम कुणापर्यंत पोचतच नाही. माझं स्पष्ट मत आहे: मराठी भाषांतर असलेल्या प्रत्येक प्रोजेक्टच्या बिल्डमध्ये गेटटेक्स्ट सक्तीचं असावं. मेसॉनमध्ये फाइंड_प्रोग्राम लिहून एमएसजीएफएमटी शोधायला लावा, ते तिथे मुळातच सक्तीचं धरलं जातं, सापडलं नाही तर बिल्ड थांबतं.

द्राक्षबाग (दिंडोरी)

आमच्या पॅकहाउसमध्ये फवारणीच्या नोंदींचं सॉफ्टवेअर आहे, ते क्यूटी या साधनसंचावर बनवलेलं. त्यात पीओ-एमओ काही दिसत नाही. टीएस फायली आहेत. बिल्डची तयारी करणारा सीमेक «क्यूटी५लिंग्विस्टटूल्स सापडत नाही» म्हणतो.

मेरीकर

दादा, क्यूटीची गोष्ट तीच, नावं वेगळी. कोडमधून वाक्यं काढणारा एलअपडेट, टीएस म्हणजे तुमची पीओ, क्यूएम म्हणजे एमओ, आणि टीएसवरून क्यूएम करणारा एलरिलीज. डेबियनवर क्यूटी ५ साठी क्यूटीटूल्स५-डेव्ह आणि क्यूटीटूल्स५-डेव्ह-टूल्स ही दोन्ही टाका. पहिल्यात सीमेकला हव्या त्या फायली आहेत, दुसऱ्यात प्रत्यक्ष एलरिलीज. क्यूटी ६ असेल तर क्यूटी६-टूल्स-डेव्ह आणि क्यूटी६-एल१०एन-टूल्स. मग बिल्डचं फोल्डर पूर्ण पुसून सीमेक नव्याने चालवा, नाहीतर तो जुनाच शोध कॅशमधून काढतो.

कोणत्या पॅकेजमध्ये कोणता प्रोग्राम आहे हे शोधायला एपीटी-फाइल बसवून ठेवा. एपीटी-फाइल सर्च बिन/एलरिलीज म्हटलं की पॅकेजचं नाव मिळतं. आणि सॉफ्टवेअर डेबियनमध्ये आधीपासून असेल तर सोर्सच्या यादीत डेब-एसआरसी चालू करून सुडो एपीटी बिल्ड-डेप म्हणा, बहुतेक सगळं एकदम येतं. फेडोरावर डीएनएफ बिल्डडेप.

कळवणकट्टा

सगळं वाचलं. माझा एक प्रामाणिक प्रश्न आहे. आम्ही सुरगाणा-पेठ भागातल्या शाळांमध्ये मशीन लावून देतो. तिथे नेट आलं तर आलं. ऑटोपॉइंट उतरवा, गेटटेक्स्ट उतरवा हे तिथे जमत नाही. मग कॉन्फिगर आणि एमओ फायली गिटमध्येच टाकल्या तर काय बिघडलं? जागा किती लागते त्यांना? भाऊ, सामान्य माणसाला बिल्ड करता येणं महत्त्वाचं की गिट स्वच्छ ठेवणं?

जुना_संगणकी (नाशिकरोड)

प्रश्न रास्त आहे आणि तुमची अडचण खरी आहे. तरी मी विरोध करतो.

पहिलं कारण रोजचं. एमओ बायनरी आहे. दोघांनी एमआर.पीओ बदलली तर ती वाचून जुळवता येते, एमओ जुळवता येत नाही. पीओ बदलली आणि एमओ नव्याने टाकायची राहिली की गिटमध्ये दोन वेगवेगळी मराठी नांदू लागतात आणि लोकांना जुनं दिसत राहतं. कॉन्फिगरचं तसंच: प्रत्येकाच्या ऑटोकॉन्फच्या आवृत्तीनुसार हजारो ओळी बदलतात आणि त्यात खरा बदल कोणता ते दिसेनासं होतं.

दुसरं कारण गंभीर. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेड या फायली आवळणाऱ्या सॉफ्टवेअरमधली चोरवाट उघड केली, आवृत्ती ५.६.० आणि ५.६.१. तिचा सांधा बिल्ड-टू-होस्ट.एम४ या फाइलमध्ये होता. त्या नावाची मूळ फाइल ग्नूलिब-गेटटेक्स्टच्या संसारातली, निरुपद्रवी. बदललेली प्रत फक्त टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये नव्हती. यंत्राने तयार केलेल्या फायली कुणी डोळ्यांखालून घालत नाही, हेच हेरून ती तिथे ठेवली होती. तयार फाइल हाताशी आली की ती मूळ फायलींवरूनच बनली आहे हे पडताळायचा मार्ग एकच: स्वतः पुन्हा बनवून बघणं. डेबियनचं पॅकेजिंग डेबहेल्पर या पॅकेज बनवायच्या साधनाच्या कॉम्पॅट १० पातळीपासून ऑटोरीकॉन्फ आपणहून चालवतं.

कळवणकट्टा

एक्सझेडचं पटलं. पण काका, तुमच्याच सांगण्यानुसार चोरवाट टारबॉलमध्ये होती, आणि आम्हाला तुम्ही टारबॉलच वापरायला सांगताय.

जुना_संगणकी (नाशिकरोड)

बरोबर पकडलंत. म्हणून टारबॉल कुणी, कुठे बनवला हे महत्त्वाचं. माझी सूचना अशी: तुमच्या गटातल्या कुणीतरी कळवणला किंवा इथे नाशकात, नेट असलेल्या मशीनवर, गिटमधून घ्यावं, ऑटोरीकॉन्फ करावं आणि मेक डिस्टचेक चालवावं. डिस्टचेक टारबॉल बनवतो, तो वेगळ्या जागी उलगडून बिल्ड करून बघतो, तपासण्या चालवतो. तो टारबॉल पेन ड्राइव्हने शाळांत न्या. तयार जीएमओ आत असतात, शाळेतल्या मशीनला कंपायलर आणि मेक पुरे. गिट स्वच्छ राहतं आणि टारबॉल तुमच्याच हातचा.

शब्दसेवक

खरं तर शाळेत कंपाइल तरी कशाला करायचं? एका मशीनवर डेब पॅकेज बनवून तेच सगळीकडे बसवा.

कळवणकट्टा

मशीन सारखी नाहीत हो. देणगीत आलेली, काही ३२ बिट, काही ६४, डेबियनच्या आवृत्त्याही वेगळ्या. म्हणून सोर्स. डिस्टचेकचं मात्र करून बघतो.

वाचनवेल (पंचवटी)

दुसऱ्या मशीनवरही मराठी आलं. डेब फायली पेन ड्राइव्हने नेल्या, कॉन्फिगर पुन्हा चालवलं, एमएसजीएफएमटीचा पूर्ण पत्ता दिसला आणि मेक शेवटपर्यंत गेलं. लोकेल-जेन तिथेही करावं लागलं.

दंडाच्या नोंदी दुरुस्त करून मूळ प्रोजेक्टला पाठवल्या. सोबत रीडमीमध्ये एक परिच्छेद सुचवलाय: गिटमधून बिल्ड करायला कोणती पॅकेजेस लागतात, डेबियनवर ऑटोपॉइंट वेगळं आहे, आणि एमएसजीएफएमटी नसेल तर कॉन्फिगरने तिथेच थांबावं. शेवटचा मुद्दा शब्दसेवकांचा, त्यांनी तो कॉन्फिगर.एसी मध्ये कसा लिहायचा ते सांगितलं तर तोही जोडते.

जुना_संगणकी (नाशिकरोड)

मी सांगतो. एएम_जीएनयू_गेटटेक्स्टच्या ओळीनंतर एमएसजीएफएमटी या व्हेरिएबलची किंमत तपासा. ती नुसते दोन टिंबं असेल आणि यूज_एनएलएस मध्ये येस असेल तर एसी_एमएसजी_एररने थांबवा, आणि संदेशात गेटटेक्स्ट बसवा किंवा --डिसेबल-एनएलएस द्या असं लिहा. ज्याला भाषांतर नकोच आहे त्याने ते जाणूनबुजून बंद करावं. टारबॉलमधून बिल्ड करणाऱ्याला मात्र ही अडकाठी नको, त्याच्याकडे जीएमओ तयार असतात. म्हणून अट घालताना पीओ फोल्डरात एमआर.जीएमओ आधीच आहे का तेही बघा. ज्या फोल्डरात बघायचं ते एसआरसीडीआयआर या व्हेरिएबलवरून घ्या.

कळवणकट्टा

डिस्टचेक एका जुन्या प्रोजेक्टवर चालवायला घेतलं. कॉन्फिगरच म्हणतंय «एक्सएमएल::पार्सर पर्ल मॉड्यूल इज रिक्वायर्ड फॉर इंटलटूल». इंटलटूल तर बसवलेलं आहे.

मेरीकर

लिबएक्सएमएल-पार्सर-पर्ल हे पॅकेज टाका आणि कॉन्फिगर पुन्हा चालवा. इंटलटूल आता जुनं झालंय, नव्या गेटटेक्स्टला डेस्कटॉप आणि एक्सएमएल फायली स्वतःच वाचता येतात. प्रोजेक्ट तुमच्या ताब्यातला असेल तर सवडीने इंटलटूल काढून टाका, एक अवलंबन कमी होईल.

कळवणकट्टा

ते टाकल्यावर डिस्टचेक पूर्ण झालं. टारबॉलमध्ये एमआर.जीएमओ आहे, उघडून बघितलं. सोमवारी पेठला नेतोय.